राखाडी पडलेला पटाशीचा दात : ब्लीचिंग, व्हिनियर की कॅप?

नीलमोहर

माझ्या वरच्या दोन पटाशीच्या दातांविषयी जाणकारांचा सल्ला हवा आहे. शाळेत असताना मी तोंडावर पडले होते. उजवा दात तेव्हा थोडा हलत होता, पण काही आठवड्यांत तो घट्ट बसला आणि पुढे त्याने कधी त्रास दिला नाही, त्यामुळे घरात त्याकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही. डाव्या दाताचा खालचा कोपरा उडाला होता आणि तिथे दाताच्या रंगाचे सिमेंट भरून घेतले होते. आज परिस्थिती अशी आहे की उजवा दात हळूहळू गडद होत जाऊन शेजारच्या दातापेक्षा स्पष्टपणे राखाडी दिसू लागला आहे, आणि डाव्या दाताच्या कोपऱ्यावरील भरणीचा रंग पिवळट पडून तिच्या कडेने तपकिरी रेघ उमटली आहे. दुखत काहीच नाही. परंतु बोलताना आणि हसताना ओठ आपोआप मिटले जातात, आणि छायाचित्र काढायची वेळ आली की मी मागच्या रांगेत जाऊन उभी राहते.

दोन दंतवैद्यांना दाखवले. पहिल्यांनी एका सुळ्यापासून दुसऱ्या सुळ्यापर्यंत सहा व्हिनियर (दाताच्या दर्शनी भागावर चिकटवायचे पातळ कवच) बसवण्याचा सल्ला दिला, म्हणजे सर्व दात एकसारखे पांढरे दिसतील असे त्यांचे म्हणणे आहे. दुसऱ्यांनी दोन्ही पटाशीच्या दातांचे रूट कॅनॉल करून त्यांवर कॅप बसवावी असे सांगितले. दोघेही आपापल्या सल्ल्याविषयी ठाम होते. मला मात्र हे समजून घ्यायचे आहे की दात न घासता, म्हणजे यंत्राने न झिजवता, त्याचा रंग सुधारता येतो का, दात राखाडी झाला म्हणजे तो आतून मेला असेच धरायचे का, आणि ज्या दातांना काहीही झालेले नाही तेही घासून घेणे खरोखर आवश्यक आहे का. सविस्तर उत्तरांचे मी मनापासून स्वागत करीन.

औदुंबर

मी दंतवैद्य आहे आणि दातांची पडझड भरून काढण्याचे काम बरीच वर्षे करत आहे. तोंड न पाहता निदान करता येत नाही, हे गृहीत धरूनच पुढील मजकूर वाचावा. तुम्हाला मिळालेल्या दोन्ही सल्ल्यांत उपचाराचे नाव आधी आले आहे आणि दाताचा रंग का बदलला हा प्रश्न मागे राहिला आहे. वास्तविक सगळे काही त्या उत्तरावर अवलंबून आहे.

दाताला जोराचा मार बसतो तेव्हा त्याच्या आतल्या पोकळीत, म्हणजे ज्याला आपण बोलताना दाताची नस म्हणतो त्या ऊतीत, रक्तस्राव होऊ शकतो. रक्तपेशी फुटल्यावर त्यांतील लोहयुक्त घटक डेंटिनच्या, म्हणजे दाताच्या आतल्या थराच्या, अतिसूक्ष्म नलिकांमध्ये शिरतात आणि दात आतून काळवंडतो. नस कालांतराने मेली, तर कुजलेल्या ऊतीचे अंश त्यात भर घालतात. तुमच्या दाताचा राखाडी रंग ही शक्यता सुचवतो, पण तेवढ्यावरून ती सिद्ध होत नाही. दुसरी शक्यता अशी असते की नस जिवंत राहते, मात्र माराला प्रतिसाद म्हणून आतली पोकळी कठीण थराने भरत जाते. असा दात बहुधा पिवळट आणि निस्तेज दिसतो आणि संसर्गाची चिन्हे नसतील तर त्याचे रूट कॅनॉल करण्याचे कारण नसते. म्हणून पहिली गोष्ट म्हणजे तपासणी. थंड स्पर्शाची चाचणी, शक्य असल्यास सौम्य विद्युतप्रवाहाची चाचणी, दातावर हलके ठोकून पाहणे, आणि मुळाचे टोक पूर्ण दिसेल असा एक्स-रे, हे सर्व शेजारच्या निरोगी दातांशी तुलना करत व्हायला हवे. एकाच चाचणीवर विसंबून राहू नये, कारण आतून भरून आलेला जिवंत दातसुद्धा थंड स्पर्शाला अनेकदा प्रतिसाद देत नाही.

नस जिवंत असेल, तर फक्त त्या दातापुरते बाहेरून ब्लीचिंग करता येते. दातांच्या मापाचा पातळ ट्रे बनवतात, शेजारच्या दातांसमोरचा भाग कापून टाकतात, आणि रात्री त्यात १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडचे जेल घालून तो लावायचा असतो. ही रात्री ट्रे लावण्याची पद्धत १९८९ मध्ये प्रसिद्ध झाली आणि तेव्हापासून ती भरपूर अभ्यासली गेली आहे. या जेलमधून प्रत्यक्षात सुमारे ३.५ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते, त्यामुळे दात काही काळ शिवशिवणे सोडल्यास सहसा गंभीर त्रास होत नाही. नस मेलेली असेल तर आधी रूट कॅनॉल आणि मग दाताच्या आतून ब्लीचिंग. दोन्ही मार्गांत दाताचा दर्शनी भाग एक कणभरही घासावा लागत नाही, म्हणजे तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आहे.

आता व्हिनियरविषयी. पोर्सेलिनचे व्हिनियर साधारण ०.३ ते ०.७ मिलिमीटर जाडीचे असते आणि तेवढी जागा करण्यासाठी बहुतेक वेळा दाताचे एनॅमल, म्हणजे बाहेरचे कठीण आवरण, तेवढ्या प्रमाणात घासावे लागते. पटाशीच्या दाताचे एनॅमल टोकाकडे एक मिलिमीटरच्या आसपास असले तरी हिरडीजवळ ते पुष्कळ पातळ होते, त्यामुळे हात थोडा जड पडला की घासणे डेंटिनपर्यंत पोहोचते. आणि एनॅमलवरची पकड जितकी भरवशाची असते तितकी डेंटिनवरची नसते. शिवाय खालचा दात गडद असेल तर पातळ व्हिनियरमधून तो राखाडीपणा डोकावतो, तो झाकण्यासाठी व्हिनियर जाड करावे लागते, आणि जाड व्हिनियरसाठी दात आणखी घासावा लागतो. त्यामुळे ज्यांना शेवटी व्हिनियरच बसवायचे आहे त्यांनीही आधी ब्लीचिंग करून घ्यावे असे माझे ठाम मत आहे. कॅपसाठी तर दात चहूबाजूंनी घासला जातो. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोजमापात समोरच्या दातांवर व्हिनियरसाठी ३ ते ३० टक्के, तर पूर्ण कॅपसाठी ६३ ते ७२ टक्के दृश्य दातवस्तुमान खर्ची पडते असे आढळले होते. एनॅमल तयार करणाऱ्या पेशी दात हिरडीबाहेर येतानाच नष्ट झालेल्या असतात, त्यामुळे घासलेले एनॅमल शरीर पुन्हा बनवू शकत नाही. दोन दातांच्या तक्रारीसाठी चार निरोगी दात घासणे मला मान्य नाही, आणि जिवंत असू शकणाऱ्या डाव्या दाताचे केवळ कॅपच्या सोयीसाठी रूट कॅनॉल करणे तर मुळीच मान्य नाही.

डाव्या दाताच्या कोपऱ्यासाठी कॉम्पोझिट, म्हणजे दाताच्या रंगाचा रेझिनचा भराव, हाच मला योग्य उपाय वाटतो. फॉस्फोरिक आम्लाने एनॅमलचा पृष्ठभाग सूक्ष्मपणे खडबडीत केला की त्यावर रेझिन घट्ट धरते हे १९५५ मध्ये दाखवले गेले, आणि आज आपण जे समोरच्या दातांचे भराव पाहतो ते सर्व या एका शोधावर उभे आहेत. जुनी भरणी काढून, रबर डॅम (दाताभोवती ताणून बसवायचा रबरी पडदा) लावून दात लाळेपासून कोरडा ठेवून, आतल्या थरासाठी अपारदर्शक आणि टोकाकडे किंचित पारदर्शक अशा छटांचे थर चढवले, तर जोड कुठे आहे हे बोलण्याच्या अंतरावरून कळत नाही. कॉम्पोझिट कायमचे नसते. काही वर्षांनी त्याची चमक कमी होते, कडेला डाग धरतो, एखादी कपची उडते. परंतु ते पॉलिश करता येते, त्यावर नवा थर चढवता येतो, आणि दुरुस्तीसाठी मूळ दाताला धक्का लावावा लागत नाही. पोर्सेलिन अधिक काळ चमकदार राहते हे खरे, मात्र ते तुटले की बहुधा पूर्णच बदलावे लागते.

क्रम महत्त्वाचा आहे. आधी किटण काढून हिरड्या निरोगी कराव्यात, कारण रक्त येणाऱ्या हिरडीशेजारी कोणताही भराव नीट चिकटत नाही. मग निदान, गरज असल्यास रूट कॅनॉल, त्यानंतर ब्लीचिंग, आणि सर्वांत शेवटी कॉम्पोझिट. ब्लीचिंगने नैसर्गिक दाताचा रंग बदलतो, भरणीचा, कॅपचा किंवा व्हिनियरचा नाही. म्हणून आधी भरणी केली तर नंतर ती वेगळी दिसू लागते. ब्लीचिंग आणि भरणी यांत किमान एक ते दोन आठवडे जाऊ द्यावेत, कारण दातात उरलेला ऑक्सिजन रेझिनला नीट कडक होऊ देत नाही आणि रंग स्थिर व्हायलाही तेवढा वेळ लागतो.

सांजवेळ

वरील प्रतिसाद वाचून रुग्णाच्या बाजूने थोडे सांगावेसे वाटते. माझ्या एका पटाशीच्या दातावर तरुणपणी कॅप बसवली होती. दात अर्ध्याहून अधिक तुटलेला होता, त्यामुळे कॅप बसवणे योग्यच होते आणि तिने मला दीर्घकाळ चांगली साथ दिली, हे आधी नमूद करते. ती आतून धातूची आणि वरून पोर्सेलिनची होती. पुढे वयानुसार हिरडी थोडी वर सरकली आणि कॅपच्या काठाशी धातूची करडी रेघ दिसू लागली. अखेरीस ती कॅप कापून काढली आणि धातूविरहित सिरॅमिकची नवी बसवली. कॅप हा एकदाच करून विसरण्याचा उपचार नाही, ती आयुष्यात पुन्हा बदलावी लागते, आणि प्रत्येक बदलात आतला दात आणखी थोडा कमी होतो, हे मला आधी कोणी समजावून सांगितले असते तर फार बरे झाले असते. तुमचे वय कमी असेल तर या गोष्टीचा विचार अवश्य करा.

आणखी एक सूचना अशी की तुम्ही झोपेत दात खात असाल तर ते दंतवैद्यांना सांगा. माझ्या नव्या कॅपच्या वेळी त्यांनी दातांच्या झिजलेल्या कडा पाहून स्वतःहून विचारले आणि रात्री घालण्यासाठी गार्ड बनवून दिला. त्यांच्या म्हणण्यानुसार समोरच्या दातांवरील काम तुटण्यामागे चिकटवण्यातील दोषाइतकाच चुकीच्या चाव्याचा आणि रात्रीच्या घर्षणाचा हात असतो.

मृण्मय

मी दंतवैद्य नाही. लॅबमध्ये कॅप आणि व्हिनियर घडवण्याचे काम करतो. या चर्चेत रंगाविषयी थोडे बोलणे आवश्यक वाटते, कारण रुग्ण बहुधा 'पांढरा हवा' एवढेच सांगतात आणि आम्हाला मात्र त्याहून कितीतरी अधिक माहिती लागते.

सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या शेड गाइडमध्ये, म्हणजे दाताचा रंग जुळवण्याच्या नमुन्यांच्या पट्टीत, सोळा छटा असतात आणि त्या चार गटांत विभागलेल्या असतात : तांबूस तपकिरी, तांबूस पिवळा, करडा आणि तांबूस करडा. परंतु डोळ्याला सर्वांत आधी खटकतो तो दाताचा उजळपणा, त्याच्या छटेचा नेमका गट नव्हे. उजळपणा जुळला आणि छटा किंचित चुकली तर समोरच्याला कळत नाही. उजळपणा चुकला की दात लगेच परका दिसतो. शेड नेहमी उपचाराच्या अगदी सुरुवातीला, दात ओले असताना आणि शक्यतो दिवसाच्या उजेडात घ्यावी लागते. तोंड बराच वेळ उघडे राहिले किंवा रबर डॅम लावला की दात कोरडे पडून पांढरे दिसू लागतात, आणि त्या वेळी घेतलेली शेड हमखास जास्त उजळ येते. ओठांना रंग लावून जाऊ नये, कारण भडक रंगाशेजारी डोळा फसतो.

एकच पटाशीचा दात घडवणे हे आमच्या व्यवसायातले सर्वांत कठीण काम समजले जाते. त्याचा जोडीदार अगदी शेजारी उभा असतो आणि तो हुबेहूब जुळवावा लागतो : कडेची निळसर पारदर्शकता, पृष्ठभागावरच्या अगदी बारीक आडव्या रेषा, वयानुसार गुळगुळीत झालेले उंचवटे, एखादा पांढुरका ठिपका. म्हणूनच सोपा मार्ग म्हणून चार किंवा सहा दात एकत्र करण्याचा सल्ला दिला जातो, कारण सगळेच नवे केले की कोणाशी जुळवण्याचा प्रश्न उरत नाही. ही सोय लॅबची आणि दवाखान्याची आहे, दाताची नाही. माझ्या धंद्याचे हित सहा व्हिनियरमध्ये असले तरीही मी औदुंबर यांच्या मताशी पूर्णपणे सहमत आहे.

भविष्यात कधी सिरॅमिकचे काम करावे लागलेच, तर तीन गोष्टींचा आग्रह धरा. पहिली म्हणजे घासलेल्या दाताचा स्वतःचा रंग कोणता आहे हे दंतवैद्यांनी छायाचित्रासह लॅबला कळवले पाहिजे, कारण लिथियम डायसिलिकेटसारखे अर्धपारदर्शक सिरॅमिक आतला रंग थोडाफार बाहेर दाखवतेच आणि तो माहीत असेल तरच त्यानुसार अधिक अपारदर्शक ठोकळा निवडता येतो. दुसरी म्हणजे मेणाचा नमुना करून घेणे आणि त्यावरून तात्पुरत्या रेझिनचा आकार दात न घासता तोंडात बसवून पाहणे. बोलताना 'फ' आणि 'व' नीट उच्चारले जातात का, ओठ कसा बसतो, दात लांब तर वाटत नाहीत ना, हे आरशासमोर आणि घरच्यांसमोर पाहूनच होकार द्यावा. तिसरी म्हणजे कायमचे चिकटवण्यापूर्वी चाचणीच्या पेस्टवर बसवून पाहणे, कारण पातळ व्हिनियरच्या खालच्या सिमेंटची छटाही अंतिम रंगात भर घालते. प्रमाणाविषयी इतकेच सांगतो की पटाशीच्या दाताची रुंदी त्याच्या लांबीच्या साधारण ७५ ते ८० टक्के असली की तो डोळ्यांना सुखावतो. जाहिरातींत सांगितले जाणारे सुवर्ण गुणोत्तर नैसर्गिक दातांत क्वचितच सापडते, त्यामुळे त्या आकड्यासाठी दात घासून घेऊ नका.

नीलमोहर

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले याबद्दल मनःपूर्वक आभार. सुचवल्याप्रमाणे मी तिसऱ्या दंतवैद्यांकडे रीतसर तपासणी करून घेतली. उजव्या दाताने थंड स्पर्शाला आणि विद्युत चाचणीला काहीही प्रतिसाद दिला नाही, आणि एक्स-रेमध्ये मुळाच्या टोकाशी एक छोटी काळसर सावली दिसली. डावा दात मात्र व्यवस्थित जिवंत आहे. उजव्याचे रूट कॅनॉल आणि आतून ब्लीचिंग, आणि डाव्यावर नवे कॉम्पोझिट, असा त्यांचा सल्ला आहे.

माझ्या मनात आता दोन शंका आहेत. आतून ब्लीचिंग केल्याने दाताचे मूळ विरघळू शकते असे मी वाचले आहे. ते कितपत खरे आहे? आणि रूट कॅनॉल झालेला दात ठिसूळ होतो, म्हणून त्यावर कॅप बसवणे अनिवार्य असते असे परिचितांपैकी अनेक जण सांगतात. समोरच्या दातालाही ते लागू होते का?

अक्षरवेल

मी रूट कॅनॉल हेच मुख्य काम करणारी दंतवैद्य आहे, त्यामुळे या दोन शंकांना उत्तर देते.

कॅपचा नियम प्रामुख्याने दाढांसाठी आहे. दाढांवर चावताना उभा दाब येतो आणि दोन्ही कडा गमावलेली दाढ त्या दाबाने उभी चिरू शकते. पटाशीच्या दातावर पडणारा भार वेगळा असतो. तुमच्या दाताच्या भिंती शाबूत असतील आणि टाळूच्या बाजूने केलेले लहानसे छिद्र एवढीच त्याची हानी असेल, तर ते छिद्र कॉम्पोझिटने बंद करणे पुरेसे असते. तिथे कॅप नको आणि मुळात रोवायचा पोस्ट (आधाराची खुंटी) देखील नको. कॅप बसवण्यासाठी बाहेरून घासला, तर आतून आधीच पोकळ झालेल्या दाताच्या भिंती अधिक पातळ होतात, म्हणजे ज्या कमजोरीच्या भीतीने कॅप सुचवली जाते ती कमजोरी कॅपच वाढवते. दाताचा बराचसा भाग तुटलेला असेल, बाजूंना मोठ्या भरण्या असतील, तर गोष्ट वेगळी. तेव्हा कॅप हवीच, आणि तिला पकड मिळण्यासाठी हिरडीच्या वर निदान दीड ते दोन मिलिमीटर उंचीची मूळ दाताची भिंत सभोवार उरलेली असावी लागते.

मूळ विरघळण्याची शंका योग्य आहे आणि ती विचारलीत हे चांगले केलेत. दाताच्या मानेजवळ, बाहेरच्या बाजूने मूळ झिजत जाण्याचा हा प्रकार १९७९ मध्ये प्रथम ब्लीचिंगशी जोडून नोंदवला गेला. त्या काळी ३० टक्के तीव्रतेचे हायड्रोजन पेरॉक्साइड दातात घालून त्याला उष्णता देण्याची पद्धत होती आणि मुळाच्या तोंडाशी अडथळा घातला जात नसे. पेरॉक्साइड डेंटिनच्या नलिकांतून बाहेर झिरपून मुळाभोवतीच्या ऊतीला क्षोभ आणते, असे त्याचे मुख्य स्पष्टीकरण दिले जाते. पूर्वी मार बसलेल्या दातांत हा धोका अधिक असतो, आणि तुमचा दात त्याच गटात येतो, म्हणून पुढील काळजी तुमच्या बाबतीत काटेकोरपणे घेतली जायला हवी.

रूट कॅनॉलमध्ये मुळाच्या आत भरलेला गट्टा-पर्चा हा रबरासारखा पदार्थ दाताच्या मानेच्या किंचित खालपर्यंत कापून त्यावर सुमारे २ मिलिमीटर जाडीचा ग्लास आयोनोमर या सिमेंटचा थर घालतात. हा थर मानेच्या रेषेला धरून, दोन्ही बाजूंना थोडा वर चढणारा असावा, सपाट नसावा. त्यानंतर आतल्या पोकळीत सोडियम परबोरेट पाण्यात कालवून भरतात आणि तोंड तात्पुरत्या सिमेंटने घट्ट बंद करतात. रुग्ण घरी जातो आणि औषध आत आपले काम करत राहते. परबोरेट आणि पाण्याची ही पद्धत १९६१ सालापासून प्रचारात आहे. साधारण आठवड्याने औषध बदलतात. काही दात दुसऱ्याच वेळी उजळतात, काहींना आणखी फेऱ्या लागतात. तीव्र पेरॉक्साइड मिसळल्याने काम लवकर होते, पण मार बसलेल्या दातात मी पाण्यावरच थांबते आणि उष्णता कधीही वापरत नाही. उशीर झाला तरी चालतो.

रंग सुधारण्यात रूट कॅनॉल करणाऱ्याच्या हाताचाही मोठा वाटा असतो. पटाशीच्या दाताच्या पोकळीला वरच्या कोपऱ्यांत शिंगासारखी टोके असतात. तिथे मेलेल्या ऊतीचा अंश राहून गेला तर कितीही ब्लीचिंग केले तरी दात पुन्हा काळवंडतो. तसेच रूट कॅनॉलचा सीलर (फटी बंद करणारे द्रव्य) दाताच्या दर्शनी भागात चिकटून राहू देऊ नये, आणि करड्या रंगाचे एमटीए हे सिमेंट किंवा मिनोसायक्लिन असलेली प्रतिजैविकांची पेस्ट समोरच्या दातात टाळावी, कारण ही द्रव्ये स्वतःच दात काळा करतात.

निकालाविषयी प्रामाणिकपणे सांगायचे तर रक्ताच्या अंशांमुळे आलेला राखाडीपणा बहुधा चांगला जातो, धातूच्या भरणीमुळे आलेला काळेपणा मात्र हट्टी असतो. काही वर्षांनी रंग थोडा परत येऊ शकतो, आणि तेव्हा तीच प्रक्रिया पुन्हा करता येते. शेजारच्या दाताइतकाच किंवा त्याहून अगदी किंचित उजळ रंग आला की थांबावे. मुळाच्या टोकाची सावली भरून येते आहे का आणि मानेजवळ झीज सुरू झालेली नाही ना, या दोन्हींसाठी पुढील काही वर्षे ठरावीक काळाने एक्स-रे काढत राहावे. झीज लवकर सापडली तर ती थांबवता येते. ती दुखत नाही, म्हणून वाट पाहून कळत नाही.

पारिजात

विषय जवळचा असल्याने इथेच विचारते. माझ्या समोरच्या दातांवर लहानपणापासून पांढुरके, काही ठिकाणी फिकट तपकिरी ठिपके आहेत. मार लागलेला नाही आणि दात मजबूत आहेत. मलाही व्हिनियर सुचवले गेले आहे. कोळशाची पूड आणि लिंबाचा रस यांनी घासल्यास डाग जातात असेही ऐकले आहे.

औदुंबर

लिंबाचा रस आणि कोळशाची पूड दोन्ही कृपया टाळा. लिंबाचे आम्ल एनॅमल विरघळवते आणि पूड ते खरवडते, त्यामुळे दात सुरुवातीला स्वच्छ वाटले तरी पुढे आतला पिवळा डेंटिन अधिक दिसू लागतो.

तुम्ही वर्णन केलेले ठिपके फ्लुओरोसिसचे असू शकतात. एनॅमल तयार होत असताना, म्हणजे साधारण आठ वर्षांच्या वयापर्यंत, पिण्याच्या पाण्यातून फ्लोराइड जास्त पोटात गेले तर ते होतात. जागतिक आरोग्य संघटनेने पाण्यातील फ्लोराइडची मर्यादा दर लिटरमागे १.५ मिलिग्रॅम सांगितली आहे. लहानपणचा ताप किंवा दुधाच्या दाताला लागलेला मार यांनीही एखाद्या दातावर असा ठिपका राहू शकतो. ठिपका पांढरा दिसतो तो तिथल्या एनॅमलमध्ये सूक्ष्म छिद्रे असल्यामुळे. निरोगी एनॅमलचा अपवर्तनांक सुमारे १.६२ असतो, पाण्याचा १.३३ आणि हवेचा १. त्यामुळे छिद्रांत पाणी किंवा हवा असेल तर प्रकाश विखुरतो, आणि दात कोरडा झाला की ठिपका अधिकच उठून दिसतो. या छिद्रांत एनॅमलच्या जवळपास, म्हणजे साधारण १.५ अपवर्तनांक असलेले अतिशय पातळ रेझिन शोषवले, तर प्रकाश विखुरणे कमी होते आणि ठिपका आसपासच्या रंगात मिसळतो. यासाठी आधी १५ टक्के हायड्रोक्लोरिक आम्लाने पृष्ठभागाचा अगदी पातळ थर उघडावा लागतो, भूल लागत नाही, आणि काम बहुधा एका बैठकीत होते. तपकिरी छटा असेल तर त्याआधी ब्लीचिंग किंवा मायक्रोअब्रेजन, म्हणजे आम्ल आणि बारीक अपघर्षकाने वरचा डागाळलेला थर उतरवणे, उपयोगी पडते. उथळ ठिपक्यांवर उत्तम निकाल मिळतो, खोलवरच्या ठिपक्यांवर अर्धवट. खड्डे पडलेले असतील तर तेवढ्याच जागी कॉम्पोझिट भरावे. या सर्व पायऱ्या करून पाहिल्यानंतरही समाधान झाले नाही तर व्हिनियरचा मार्ग खुलाच राहतो.

नीलमोहर

माझे रूट कॅनॉल आता सुरू झाले आहे. अडथळ्याचा थर, परबोरेट आणि पाणी, तसेच पुढील एक्स-रे यांविषयी मी दंतवैद्यांशी आधीच बोलले, आणि त्यांनीही हीच पद्धत वापरत असल्याचे सांगितले. डाव्या दाताची भरणी ब्लीचिंग पूर्ण झाल्यावर पंधरा दिवसांनी करायची ठरली आहे. औषध आत असताना घरी काय काळजी घ्यावी?

अक्षरवेल

आत औषध असण्याच्या काळात त्या दाताने कडक पदार्थ तोडू नका, कारण दात तेव्हा आतून पोकळ असतो आणि मागचे सिमेंट तात्पुरते असते. ते सिमेंट निघाले, तोंडात औषधाची चव आली किंवा दाताच्या मानेजवळची हिरडी जळजळू लागली, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता लगेच दाखवा, कारण उघड्या छिद्रातून लाळ आत गेली तर औषध निष्प्रभ होते आणि जंतूंना वाट मिळते. गडद रंगाची पेये या काळात कमी ठेवलेली बरी. ब्रश नेहमीप्रमाणे मऊ दातऱ्यांचाच वापरा. आणि उपचार सुरू होण्यापूर्वीचे एक छायाचित्र, शेडच्या पट्टीसह, दंतवैद्यांकडून मागून घेऊन स्वतःजवळ ठेवा. काही वर्षांनी रंग परत आल्याची शंका आली तर आठवणीपेक्षा त्या छायाचित्राशी केलेली तुलना अधिक उपयोगी पडेल.